दोन अक्षरांच्या बदल्यात सहा एकर

व्हर्लिन, पत्र्यावर चिकटवलेल्या दोन अक्षरांच्या बदल्यात कुणी ओढ्याकाठची सहा एकर काळी जमीन घेत नाही. घेतलीच तर परक्याची घेतो, सख्ख्या बहिणीच्या नातवाची नाही. चोरसुद्धा आपलं गाव सोडून चोरी करतो, एवढी रीत त्याला असते. तुला तीही नाही.

हे आधी लिहून टाकलं, कारण खुशाली विचारत बसले असते तर राग निवला असता, आणि मला तो एवढ्यात निवू द्यायचा नाही.

आता खुशाली. तू बराच असशील, तुझ्यासारख्यांना काही होत नाही. गुडघे दुखत असतील तर दुखू देत. या वयात गुडघे दुखले नाहीत की माणूस नको तिथे जातो. नदीनचं पित्ताशय काढल्याचं कळलं. तिला म्हणावं तळलेलं खाऊ नकोस आणि नवऱ्याचं, म्हणजे तुझं, बोलणं मनावर घेऊ नकोस, दोन्हींनी पित्त उसळतं. मी ठीक आहे. (दात चारच उरलेत, पण देवाच्या कृपेने समोरासमोर आहेत, काम भागतं.) कोंबड्या ठीक नाहीत. त्याला कारण तू आहेस, ते ओघाने येईलच.

मार्चमध्ये, आम्ही बटाटे लावत होतो त्या आठवड्यात, कोल्बी मित्राच्या ट्रकमध्ये बसून तुझ्याकडे टेनेसीला गेला आणि येताना एका लाल गाडीतून आला. गाडी अजून ओढ्यापलीकडे होती तेव्हाच मला वाटलं विमान पडतंय. अंगणात येऊन ती थांबली तरी धडधडत होती, म्हाताऱ्या घोड्याला पोटशूळ झाल्यासारखी. त्या दिवसापासून कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं ते सोडलंच. कोल्बी खाली उतरला आणि म्हणाला, "आजी, ही खरी आहे." मी म्हटलं, खरीच असणार, मला दिसते आहे, माझे डोळे अजून गेलेले नाहीत. तर म्हणतो, "तसं नाही गं. खरी म्हणजे अस्सल."

तेव्हापासून मी अस्सल या शब्दावर एवढं ऐकलं आहे की पाद्रीबाबांनी स्वर्गावर एवढं ऐकवलं नसेल. मला समजलं ते असं. सत्तर साली कंपनीने एकाच सांगाड्याच्या दोन जातीच्या गाड्या विकल्या. एक साधी, टायपिस्ट पोरींनी आणि शाळामास्तरांनी कामावर जायला घ्यायची. दुसरी दांडगी, पुढे बैलाएवढं इंजिन आणि अंगावर एसएस ही दोन अक्षरं. दांडग्या थोड्या होत्या, त्यातल्या निम्म्या पोरांनी झाडांवर नेऊन आदळल्या, म्हणून उरल्या त्यांना आता घराची किंमत येते. ज्याला घराची किंमत परवडत नाही तो साधी गाडी शोधतो, तिच्या पोटात मोठं इंजिन कोंबतो, वर लाल रंग आणि दोन काळे पट्टे ओढतो आणि टपालाने मागवलेली दोन अक्षरं डकवतो. झाली दांडगी. हिला खोटी म्हणायचं नाही. आमच्याकडचे पुरुष तिला मानवंदना म्हणतात. (मग मी पावाला फासते ते मार्जरीन म्हणजे लोण्याला मानवंदना म्हणायची, आणि तुझ्या मेहुण्यांचा तो केसांचा टोप म्हणजे त्यांच्या जवानीला. तो टोप घालूनच त्यांना पुरला. देवापुढे काय सांगितलं असेल कोण जाणे.)

पण तू तर मानवंदना म्हणूनही विकली नाहीस. तू अस्सल म्हणून विकलीस, आणि बदल्यात शेत लिहून घेतलंस. तुझ्या मेहुण्यांनी, एर्सलनी, ते कोल्बीच्या नावावर ठेवलं होतं घर बांधायला. ऑक्टोबरात त्याची बायको टॅमरा बाळंत होईल. आज ती दोघं माझ्या मागच्या खोलीत राहतात, शेंगांच्या बरण्यांच्या रांगेत, आणि पाळणा ठेवायचा तर एक तर बरण्या तरी जातील नाही तर नवरा तरी. (माझं मत विचारलं होतं. मी बरण्यांच्या बाजूने होते.) पोराने मला यातलं काही सांगितलं नाही. मला कळलं ते मे महिन्यात, शेतात तुझी विक्रीची पाटी उभी राहिली तेव्हा.

बरं, गाडी तरी कामाची असावी. पावसात न्यायची नाही, रंग जातो. खडीवर न्यायची नाही, टवके उडतात. (आमच्या दाराशी खडीशिवाय दुसरा रस्ता नाही. तू याच दारात वाढलास.) टॅमरा तिच्यात बसू शकत नाही, बसली तर उठू शकत नाही, एकदा मी, कोल्बी आणि टपालवाला अशा तिघांनी मिळून तिला बाहेर ओढलं. तेल एवढं पिते की पंपावरचा माणूस कोल्बीला नावाने हाक मारतो. संध्याकाळी पोरगा तिच्यावर माझी गोधडी पांघरतो. माझ्या पायांवर कधी पांघरली नाही.

गेल्या महिन्यात तिची किंमत ठरवायला हॅस्केल प्रुइटला बोलावलं. हॅस्केल विमा कंपन्यांसाठी जुन्या गाड्यांची किंमत सांगतो. त्याच्याकडे एक बॅटरी, काठीला बांधलेला आरसा आणि बोलण्याआधी विचार करायची खोड एवढं भांडवल आहे. तो शनिवारी पेंडीच्या दुकानासमोर येतो, तिथे आमच्या भागातले सगळे गाडीवाले जमतात. मला कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं होतं म्हणून मीही गेले. (गाडीतून. हाडं अजून मोजते आहे.) तिथली रीत तुला ठाऊक आहे. इंजिनावरचं टोपण उघडायचं, गाडीच्या मागे घडीची खुर्ची टाकायची, तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच खात दिवसभर बसायचं, आणि दुसऱ्याची गाडी अस्सल आहे का हे मेलं तरी विचारायचं नाही. "छान ठेवली आहेस" एवढंच म्हणायचं. हॅस्केल म्हणतो, कंपनीने सगळ्या राज्यात मिळून पाठवल्या नसतील तेवढ्या अस्सल गाड्या आमच्या एका तालुक्यात आहेत.

हॅस्केल गाडीखाली गेला, वर आला, पुढच्या बाकामागचा गालिचा उचलला आणि थबकला. खाली पत्र्यावर एक गोल चकती, डांबराने घट्ट बसवलेली. मग सगळे वाकले. एक म्हणाला, ही कंपनीनेच बसवलेली मजबुती, शर्यतीला पाठवायच्या गाड्यांनाच असायची. दुसऱ्याने अशीच एक ओहायोत पाहिली होती. डेल्बर्ट टर्नीने फोटो काढला आणि टोपी काढली, थडग्यापुढे काढतात तशी. कोल्बीचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर त्याची दया आली. क्षणभरच.

मी म्हटलं, "हे झाकण आहे. डुकराच्या चरबीच्या डब्याचं."

"काकू, यातलं तुम्हाला नाही कळायचं," डेल्बर्ट म्हणाला.

"गाडीतलं नाही कळत रे. चरबीतलं कळतं." आणि मी किल्लीने डांबर खरवडलं. खालून डुकराचं नाक निघालं, मग कान, मग डब्याचं वजन.

त्या नाकाशीच माझा हात थांबला, व्हर्लिन. कारण डांबरावर इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी ठसा होता. त्र्याहत्तर साली माझ्या पिवळ्या गाडीचं बूड गंजलं, तेव्हा चरबीच्या डब्याचं झाकण छपराच्या डांबराने मी चिकटवलं होतं, आणि दाबायला दुसरं काही नव्हतं म्हणून आईची लोखंडी इस्त्री वर ठेवली होती. ती इस्त्री खराब केली म्हणून आईने मला झोडपलं, आणि तू दारात उभा राहून हसलास. रंगवणाऱ्यावर एवढा खर्च केलास, तर गालिचाही उचलून बघायचास. पण तुझी सगळी मेहनत आयुष्यभर वरच्या बाजूलाच.

हॅस्केलने कडेला नखाने टवका काढला. लाल रंगाखाली लोण्यासारखा पिवळा. मग मागचं बाक उपटलं. कारखान्यातली माणसं गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद कधी कधी स्प्रिंगांत कोंबून ठेवत असत, तो तिथे होता, अर्धा उंदरांनी खाल्लेला. हॅस्केलने तो मयतीत वाचतात तसा हळू आवाजात वाचला. सहा सिलिंडर. रेडिओ नाही. आरसा एक. रंग पिवळा. कुणी हसलं नाही. सगळे गुपचूप आपापल्या खुर्चीवर गेले, आणि जाता जाता प्रत्येकाने आपापला गालिचा पायाने नीट दाबला.

मी हॅस्केलला विचारलं, मग हिची खरी किंमत काय? तो म्हणाला, "ऑर्फाबाई, अस्सल असती तर घर आलं असतं. मानवंदना म्हणून विकली तर जेवढं आत घातलं तेवढंही निघत नाही; इंजिनाचे, चाकांचे, रंगाचे पैसे अर्धे तरी बुडतात. आणि खोटी असून अस्सल म्हणून विकली, तर फसणारा देईल ती किंमत, आणि पुढे कोर्ट सांगेल ती." मी म्हटलं, आणि चोरीची असली तर? त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाला, मी आज इथे आलोच नव्हतो.

घरी येऊन मी बटणांचा डबा उपडा केला. शर्टांच्या कारखान्यात चार वर्षं कॉलर शिवून घेतलेली गाडी, तिची दुकानदाराची पावती मी टाकीन होय? पावतीवरचा गाडीचा नंबर स्प्रिंगांतल्या कागदावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला. चौऱ्याहत्तर साली तू दोन दिवसांसाठी म्हणून ती नेलीस. परत आलास तो पायी, म्हणालास इंजिन जळलं, भंगारात गेली, आणि माझ्या हातात एक खारवलेलं डुकराचं तंगडं ठेवलंस. मी कशावर सही केली नव्हती. त्या तंगड्याबद्दल मी तुला आशीर्वाद दिले होते. ते परत घेते आहे. तंगडं खारट होतं, हेही इतकी वर्षं बोलले नव्हते.

कोल्बीला सगळं सांगितलं. तो शहाणा म्हणतो, इलिनॉयचा एक मास्तर फोटो पाहून वेडा झाला आहे, त्याला अस्सल म्हणून देऊन टाकू आणि त्या पैशात व्हर्लिन आजोबांकडून शेत परत घेऊ. "आजी, त्याला कळणार नाही."

"तुलाही कळलं नव्हतं. कसं वाटलं?"

बाहेर जाऊन त्याने गाडी धुतली. त्याला काही सुचेनासं झालं की तो गाडी धुतो. आता ती फार स्वच्छ आहे. मी त्याला सांगून ठेवलं आहे, आपल्या घराण्यात ठकसेन एक पुरे, आणि ती जागा भरलेली आहे.

तेव्हा गाडी माझी असताना तू ती माझ्याच नातवाला विकून माझ्याच नवऱ्याची जमीन घेतलीस. हे करायला अक्कल लागते, ते मी नाकारत नाही. आईला वाटायचं तू मंद आहेस. शेत परत कर, म्हणजे आईचं मत मी खोडून टाकीन. देव तुला सुखात ठेवो, पण आधी शेत परत करू दे, मग ठेवो.

तुझी थोरली बहीण,
ऑर्फा

ताजा कलम. शेत परत आलं म्हणून गाडी परत मिळेल असं समजू नकोस. ती भिकार आहे, बोंबलते, किंमत शून्य आहे, हे सगळं वर लिहिलंच आहे. परवा मी ती एकटीने चर्चला नेली. सरळ रस्त्यावर पाद्रीबाबांच्या गाडीला मागे टाकलं. ते म्हणाले, ऑर्फाबाई, प्रार्थनेला एवढी घाई? तू सहाचं आठ सिलिंडर केलंस, ते एक काम नीट केलंस. कोल्बीला मी ट्रक बघायला सांगितलं आहे.

आणखी एक ताजा कलम. हा व्हर्लिनसाठी नाही. नदीन, हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस, कारण त्याला वाचता येत नाही. लग्नाआधी त्याने ते तुला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. तेव्हा मधलं काही गाळलं नसशील, तुझा तो स्वभाव नाही. शेत प्रेमाने मिळालं असं त्याने तुला सांगितलं असेल, तर आता तुला कळलंच आहे. पाटीवरच्या दलालाच्या नंबरावर मी गिऱ्हाईक म्हणून फोन केला. लेक्सिंग्टनचा एक माणूस येत्या रविवारी शेत घ्यायला तुमच्याकडे येतो आहे म्हणे. जमिनीच्या कचेरीतला कारकून सांगतो, बायकोच्या सहीशिवाय कुणी शहाणा ती जमीन घेणार नाही. रविवारी तुझ्यापुढे सहीचा कागद येईल. तू टाके दुखतात म्हण आणि पडून राहा. सोबत दुसरा कागद पाठवला आहे, शेत कोल्बीच्या नावाने परत करायचा. सह्यांच्या जागी पेन्सिलने दोन फुल्या मारल्या आहेत, वरची व्हर्लिनची, खालची तुझी. दोघं मिळून नोटरीकडे जा आणि तिथे आधी तू सही कर. तू केलीस की तो मुकाट्याने करतो, हे मी तुमच्या लग्नापासून बघते आहे. पत्राचं उत्तर तू लिही. त्याने मध्ये काही सांगायचं नाही, आणि सांगितलं तर लिहायचं नाही.