राहुकाळ संपेपर्यंत

बुधवार, १० जून

यांचा श्वास आता मशीन घेतंय. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणायला हवं होतं हो!" लगेच! काल दुपारी तीनला यांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. शेजारी गाडी काढून उभे — आणि सासूबाईंनी दारात हात आडवा घातला. "मंगळवार आहे. साडेचारपर्यंत राहुकाळ. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही." मी दुकानात कामावर. मला फोन केला तो पावणेपाचला!

गुरुवार, ११ जून

फ्रिजवरचा राहुकाळाचा तक्ता टराटरा फाडला. रोजचा दीड तास — त्या वेळात या घरातून कुणी कामाला निघालं नाही. यांचा विश्वास होता कुठे! पण आईचं मन मोडायचं नाही. लिफ्ट दुरुस्तीला निघायचे, तर बूट घालून दाराच्या आतच बसून राहायचे. "राहूमुळे तरी तुझ्या वाट्याला येतो ना मी! साहेबाला काय, ट्रॅफिक होतं म्हणून सांगतो." मी पुन्हा चहा टाकायचे. किती हसायचो आम्ही.

शनिवार, १३ जून

सासूबाईंशी बोलत नाही. आयसीयूबाहेर एकाच बाकावर दोन टोकांना बसतो. मध्ये पिशवीत यांचे बूट.

सोमवार, १५ जून

आज तोंड सुटलं माझं. सगळ्यांसमोर. "राहूनं नाही, तुम्ही खाल्लंत त्यांना!" त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोटचा गोळा आहे गं तो." आणि पदर तोंडात कोंबला. मला दया आली नाही. आत्ता लिहितानाही येत नाहीये.

गुरुवार, १८ जून

संपलं. मेंदू गेलाय म्हणे. छाती हलते ती मशीननं. डॉक्टरांनी विचारलं, उद्या सकाळी अकराला मशीन काढायचं, चालेल का? "चालेल," म्हणाले मी. चालेल! काय चालेल? देवा, काय बोलून बसले मी! सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता कसला राहू नि कसला काळ. करा काय ते."

शुक्रवार, १९ जून

अकराच्या आधीच डॉक्टर आले. नर्सनं मशीनकडे हात नेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "आत्ता नको! शुक्रवार आहे. बारापर्यंत राहुकाळ!" तक्ता फाडला तरी पाठ आहे मला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बाहेर गेले.

सासूबाईंनी उठून दोन खुर्च्या पलंगाशी ओढल्या. यांचा उजवा हात त्यांच्याकडे, डावा माझ्याकडे. एका हातानं कसंबसं लिहितेय.

अजून पाऊण तास आहे.