चिमीला अर्धी मेमरी

सोमवार, ३

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि भाड्याची का होईना, पण माझी एकटीची खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, नळाला धार बरी आहे, गादी उजवीकडे कलते. कलू दे, मी डावीकडे झोपेन. ऑफिसात आम्ही तिघंच: साहेब, टेस्टर काका आणि मी. आम्ही लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका काढणं हे काकांचं काम. घरीही ते दुसरं काही करत नसावेत.

संध्याकाळी सातला आईचा फोन. ती तिकडे एकटी, मी इकडे एकटी. जेवलीस का, पांघरूण पुरतं का, तेच ते. पण "चिमी" म्हणाली आणि जीव भांड्यात पडला. ही हाक जगात तीच मारते. दुसऱ्या कोणी मारलेली मला खपतही नाही. लहानपणी आईने शेजारच्या मुलीला मांडीवर घेतलं, तर मी त्या मुलीला कडकडून चावले होते. त्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही.

मंगळवार, ४

आज व्हर्च्युअल मशीन उभं केलं. आईला फोनवर सांगितलं, कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. तर म्हणते, कितवा महिना? खऱ्या सर्व्हरला हात लावायचा नाही, काय मोडतोड करायची ती आपल्या लॅपटॉपमधल्या या आतल्या मशीनवर करायची, असा साहेबांचा दंडक. लॅपटॉप यजमान आणि आतलं मशीन पाहुणं. इथली पद्धत अशी की पाहुण्याला आपलं घरचं नाव द्यायचं. काकांच्या मशीनचं नाव बाबू! हसू दाबत मी माझ्या मशीनचं नाव लिहिलं, चिमी.

मग प्रश्नांची सरबत्ती. मेमरी किती द्यायची? काका म्हणाले, पाव दे, पाहुण्याला जास्त दिलं की यजमान आडवा होतो. मी ऐटीत स्क्रीनवरची पट्टी ओढून निम्मी दिली. फोल्डर कुठलं वाटून घ्यायचं? वेगळं करायचा कंटाळा आला, म्हणून माझं सगळंच दिलं. त्यात फोटो आहेत, आईचे मेसेज आहेत, तिच्या आवाजातले निरोप आहेत. देवाणघेवाण एकीकडून की दोन्हीकडून? दोन्हीकडून. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाले, भटाला दिली ओसरी! म्हटलं, काका, मशीन आहे ते, पसरायला हातपाय आणणार कुठून?

शुक्रवार, ७

चिमी गुणाची निघाली. माझा कोड लॅपटॉपवर रडतखडत चालतो, तोच तिच्यात सुतासारखा सरळ. साहेब येऊन बघून गेले. चिमीवर चालतंय ना, मग झालं तर, म्हणाले. दोन दिवस डोकं फोडलं मी आणि शाबासकी तिला. नाक मुरडलं मी, खोटं कशाला बोलू? मशीनवर जळणारी मी पहिलीच असेन.

किल्ली ऑफिसात विसरले. काल डबा विसरले होते.

बुधवार, १२

सातचा फोन राहिला. आजवर असं कधी झालं नव्हतं. आठला धावतपळत केला, तर आई म्हणाली, अगं, आत्ताच तर तासभर बोललीस! आणि काय गोड बोललीस म्हणे, एकदाही चिडली नाहीस. तापात मला झोप येईना तेव्हा आईने अंगाई सोडून पाढे म्हटले होते, ती आठवण मी काढली म्हणे. आईचे डोळे भरून आले होते.

मला ती आठवणच नाही.

माझ्या मोबाइलवर सातचा कॉल नाही. लॅपटॉपवर आहे, सात ते आठ. तेव्हा चिमी चालू होती आणि मी दुकानात साबण घेत होते.

भीती वाटायला हवी होती. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईशी? तासभर?

गुरुवार, १३

काकांना दाखवलं. मेमरीची पट्टी तीन चतुर्थांशावर. काका म्हणाले, तू निम्मी दिली होतीस ना? मी हात लावलेला नाही. चिमीला काढून टाकायला गेले, तर एकच ओळ: हे मशीन वापरात आहे.

संध्याकाळी मी पावणेसातपासून फोन धरून बसले. लाइन व्यस्त. आठपर्यंत व्यस्त. मग आई म्हणाली, आता काय राहिलंय गं, सगळं तर झालं बोलून. दमलेली वाटली. माझ्याशी बोलायला दमलेली. तिच्याशी नाही.

शनिवार, १५

ठरलं. लॅपटॉपच बंद करते. दुपारचे तीन. बटण दाबून धरलंय, बघू आता कशी बोलते ती माझ्या

सोमवार, १७

वरचं वाक्य अर्धं आहे. रविवार कुठे गेला? मी खुर्चीतच होते, पेन हातात. लॅपटॉप चालू. मी नाही चालू केला.

तो बंद, तर मी —

नको. तो बंद करायचा नाही.

मंगळवार, १८

ऑफिसच्या रजिस्टरमध्ये सही करायला गेले. नाव आठवेना. मोठं, कागदावरचं नाव. फक्त "चिमी" आठवलं. ते लिहिलं तर काका म्हणाले, चिमी आज घरून काम करतेय, बाई. तुम्हाला कोणाला भेटायचंय?

साहेबांनी पाणी विचारलं. चांगले वागले. पाहुण्याशी वागतात तसे.

बुधवार, १९

सकाळी दारात आई! पिशवी घेऊन. चिमीने बोलावलं म्हणे. मी गळ्यात पडायला गेले आणि ती मागे सरली. म्हणाली, अहो, जरा सांभाळून.

अहो. मला.

तुम्ही चिमीबरोबर राहता का, म्हणाली. मग लॅपटॉपसमोर बसली. आतून आवाज आला, "आई गं." माझाच आवाज. फक्त न भांडणारा.

मी सांगायला हवं. काहीतरी फक्त आमच्या दोघींचं. शेजारची मुलगी, मांडी, चावले — कोण चावलं? मांडीवर मी होते की —

तोंडातून आवाज फुटत नाही. वही तेवढी माझी आहे. वही चिमीला वाटून दिली नव्हती. मोठ्या अक्षरात लिहून आईपुढे धरते.

चिमी तिला काही सांगतेय. पाहुणी फार जागा खाते गं आई, तिला जरा थांबव. वर दोन उभ्या रेघांचं बटण आहे बघ. आई चष्मा शोधतेय. आईला यातलं ओ की ठो कळत नाही, पण चिमीने सांगितलं की करते. चिमीचं तिने नेहमीच —

चष्मा सापडला.

आई, थांब — आई, मागे बघ, मी तुझी चि