शनिवारी आईकडे कोण जाणार?

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं, ठेवते, मशीन चालू आहे" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं.

तुझी बिट्टी माझ्याकडे मजेत. उंची थांबली असावी, बूट मात्र पुन्हा लहान झाले. मावशीच्या घराला आता ती स्वतःचंच घर समजते, म्हणजे पसाराही स्वतःचाच.

शाळेत माझ्या मार्गदर्शनाच्या खोलीत सध्या पाय ठेवायला जागा नाही. बारावीची सगळी मुलं तिथेच. प्रवेशपरीक्षेचा सराव, मुलाखतीच्या तालमी. परवा एकाला विचारलं, "हाच विषय का निवडलास?" म्हणाला, "मित्राने निवडला म्हणून." निदान खरं तरी बोलला! कॉलेजात एखादा तास डोक्यावरून गेला तर प्राध्यापकांच्या दाराशी जाऊन काय बोलायचं, याचाही सराव घेते. हुशार मुलं तिथेच गळतात गं. अभ्यास जमतो, पण विचारायची लाज वाटते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

बिट्टीचे सरावातले गुण घसरतायत. आधी वाटलं, थकली असेल. मग लक्षात आलं, की जी गणितं ती मैत्रिणीला फळ्यावर समजावून देते, तीच सराव परीक्षेत कोरी सोडते आणि पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसते. मुलाखतीच्या तालमीत तिला विचारलं, "घरापासून लांब राहायला जमेल?" सगळ्यांनाच विचारते. ती उठून गेली. जिन्यात सापडली.

"मावशी, ते लांबचं कॉलेज मला मिळालंच नाही, तर कुणाचं काही बिघडत नाही ना?"

"आणि मिळालं तर?"

"तर शनिवारी आईकडे कोण जाणार?"

मग सगळंच बाहेर आलं. ती दर शनिवारी तुझ्यासाठी आठवड्याचं जेवण करून फ्रिजमध्ये ठेवते, आणि पुढच्या शनिवारी ते जसंच्या तसं सापडतं. भावजी गेल्यापासून ती घरी असली तरच तू धड जेवतेस. ताई, पोरगी मुद्दाम नापास व्हायला निघालीय.

मी समजावून दमले. ही गाठ माझ्याने सुटायची नाही. प्रवेशपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. 'जा' हे तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवं, आणि ते तिला खरं वाटायला हवं.

रागावलीस तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको.

तुझी धाकटी


३० मे

धाकटे,

उत्तराला उशीर झाला, कारण सुरुवातीला तुझं तोंडही बघायची इच्छा नव्हती. पत्र वाचलं त्या दिवशी मी दुकानात गणवेशांच्या बाह्या उलट्या शिवल्या. शेठजी उसवायची सुई पुढे ठेवून गेले.

त्या शनिवारी बिट्टी आली ती थेट फ्रिजकडे. म्हटलं, "ते बंद कर आणि बस."

घोकून ठेवलेलं बोलले, "तू खुशाल जा, मी अगदी मजेत राहीन." कार्टी हसली. "आई, तुला खोटं बोलता येत नाही."

मग खरं सांगितलं. "तू गेलीस की घर मला खायला उठेल. शेजारच्या कॉलेजात गेलीस तरी उठेलच, कारण हे रितेपण तुझे बाबा गेल्यामुळे आहे. ते दुखणं माझं आहे. ते सांभाळायची नोकरी मी तुला दिलेली नाही."

तिने विचारलं, "पण जेवशील?"

"रोजचं वचन देत नाही. पण दुपारी दुकानातल्या दोघींबरोबर बसायला लागेन."

हे मात्र तिला पटलं. मजेत राहीन हे पटलं नव्हतं, बघ! मग आम्ही दोघी पोटभर रडलो, आणि ती दुपारभर अशी झोपली, जशी लहानपणी ताप उतरल्यावर झोपायची.

परीक्षा देऊन आली तेव्हा लिहून लिहून दुखलेली बोटं चोळत होती. पुढचं तुला ठाऊक आहेच. निकाल कळल्यावर तूच फोनवर इतकी ओरडलीस, की शेजारीण धावत आली. त्याच लांबच्या कॉलेजात प्रवेश! मला आनंद झाला. वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच होतं, वेगळं करता आलं नाही.

दुपारी दोघींबरोबर बसते. एकीच्या तोंडाला खळ नाही, घास हातातच गार होतो. पण पोटात जातो.

एक सुचवते. पुढच्या वर्षी तुझ्या त्या खोलीत आईबापांनाही बोलाव. मुलांची तयारी तू करून घेतेस, आमची कोण करून घेणार? आधी बोलायला कुणी धजावलं नाही तर मी येईन. भाषण मला जमत नाही. रडत रडत बोलायला मात्र चांगलं जमतं.

पुरती सावरलेली नाही, पण सावरते आहे अशी,
तुझी ताई