परत जाणारी मांजरं

१२ डिसेंबर १९४३, रविवार

शाळा बंद होऊन तिसरा आठवडा. प्लेगनं उंदीर पडले, गाव उठलं, सगळे माळावर खोपटी घालून राहिलेत. कुत्री माणसांमागून आली. मांजरं मात्र गावातच, आपापल्या कुलूपबंद घरापाशी. पाटलांचा उसाचा चरक यंदा मोडलाय, म्हणून त्यांचं गुऱ्हाळघर मागून घेतलं. त्यात सध्या बरीच कुत्री, त्यातली एक लंगडी नि व्यालेली, आणि दिवसभर आम्ही तिघं. मी, लढाईवरून पाय अधू होऊन परतलेले हवालदार, आणि मेंढरांमागे जन्म काढलेली आटपाडीकडची गोदाआक्का. शाई मिळेनाशी झालीय, यापुढे हिला नुसतं गो.

खोपटोखोपटी शिळी भाकरी मागत फिरले. पाटलीणबाई म्हणाल्या, "बाई, शाळा सोडून कुत्र्यांची मास्तरीण झाला व्हय?" म्हटलं, ही निदान गप्प बसून जेवतात. भाकरी मिळाली.

१५ डिसेंबर

मांजर या जातीवर माझा कधीच जीव नव्हता. अप्पलपोटी. पण गो. म्हणते, आजारी उंदीर खाऊन मरतील. शिवाय प्लेगवाले येऊन घराघरांत उंदरांच्या विषाच्या गोळ्या टाकणार आहेत. म्हणजे उंदरानं नाही तर गोळीनं. मी आणि हवालदारांनी टोचून घेतलंय, म्हणून दिवसाउजेडी गावात जायची मुभा आहे. मोकळ्या आळ्या बघवत नाहीत. दारोदारच्या तुळशी वाळल्यात.

मांजरं पोत्यात घालून आणली. हवालदारांची स्वतःची मनी मिळाली, कबरी, गाभण, पोट खाली आलेली. तिला पोत्यात घातलं नाही, सदऱ्याच्या आत धरून आणलं. "पलटनीत खेचरं लय सांबाळली बाई, पर असलं शानं जनावर न्हाई." माझा हात ओरबाडला होता तिनं.

१६ डिसेंबर

सगळी परत गेली! सकाळी टोपल्या रिकाम्या. गावात जाऊन पाहिलं, तर जे ते आपापल्या घरी. मधे ओढा आहे, तो ओलांडून. मनी कौलांवर बसून माझ्याकडे अशी पाहत होती, जशी मी उशिरा आलेल्या पोरीकडे पाहते. कौतुक वाटलं, मान्य करते.

१९ डिसेंबर, रवि.

पुन्हा आणली, पुन्हा गेली. या वेळी दोऱ्या बांधल्या होत्या. दोरी तुटलेली नाही, गाठ सुटलेली.

गो. म्हणाली, "मांजार घरला जातंय ह्ये खरं. पर कुलपाच्या आत कसं जातंय गं?" खरंच, तीन तर आतून ओरडत होती. म्हटलं, कौलातून जात असतील. गो. तंबाखू मळत राहिली.

२२ डिसेंबर

चष्मा गुऱ्हाळघरात विसरला म्हणून तिन्हीसांजेला परत गेले. ओढ्याच्या वाटेवर पुढे हवालदार. खांद्यावर पोतं, पोत्यात चुळबुळ. हाक मारली तर जागच्या जागी उभे, कवायतीत राहतात तसे.

"घरोघर कनग्या भरल्यात बाई. हितं उघड्यावर आनलं की सरकारी लेव्हीवालं धान्य मोजून न्हेनार. आनि मांजार काढलं की उंदीर खानार. समदी मलाच म्हंत्यात, हवालदार, तुमीच न्हेऊन सोडा. चाव्याबी मलाच देत्यात. कुनाकुनाला न्हाई म्हनू?"

"आणि दिवसा माझ्याबरोबर पकडता ते?"

"तुमालाबी न्हाई म्हनवत न्हाई."

इतकी चिडले की चष्मा न घेताच आले. आत्ता हे अंदाजानं लिहितेय.

२३ डिसेंबर

पाटलांकडे भांडायला गेले. म्हटलं, मुक्या जिवांना विषाच्या तोंडी राखणीला ठेवता? त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या कुत्र्यांची भाकरी कंच्या कनगीतली हाय?"

माझीही त्यातलीच की. पगार वेळेवर येत नाही, रोज कुणीतरी पोरगी जोंधळ्याचं पीठ आणून देते.

शेवटी तोड निघाली. प्लेगवाले पाच तारखेला, बुधवारी, येणार असा पाटलांना निरोप आहे. आदल्या दिवशी सगळी मांजरं बाहेर काढायची, विषाचे दिवस संपेपर्यंत कुणी परत न्यायची नाहीत. हवालदारांनी शब्द दिला. मी त्यांच्याकडे न बघता बरं म्हटलं.

२९ डिसेंबर

मनी व्याली. हवालदारांच्या बंद घरात, कणगीच्या झाकणावर. तीन पिल्लं. आजच आणू म्हटलं, तर गो. म्हणाली, "वल्ली बाळंतीन हाय, आत्ता हात लावला तर पिल्लं कुटंतरी दडवून ठिवंल. चार दिस दम धर." धरला. हवालदार रोज वाटीभर दूध घेऊन जातात. स्वतः बिनदुधाचा चहा पितात.

४ जानेवारी १९४४, मंगळ.

प्लेगवाले आजच आले. कोरेगावाहून मोटार रिकामी मिळाली, म्हणून एक दिवस आधी. आम्ही पोती घेऊन वेशीशी पोचलो, तो त्यांची माणसं अर्धं गाव उरकून बसलेली. खिडक्यांतून, दाराखालून गोळ्या आत टाकत होती. उद्यापर्यंत कुणी आत जायचं नाही.

हवालदारांनी त्या साहेबाला सलाम ठोकला. "धा मिन्टं द्या साहेब. माझ्या घरात जाऊन येतो."

साहेब म्हणाला, "रिकाम्या घरात एवढं काय आहे?"

हवालदारांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील खाली बघत होते. मागं सगळं गाव उभं.

"काय न्हाई साहेब."

मी सांगू शकत होते. मांजर आहे एवढं तरी. पण मांजर म्हटलं की दार उघडणार, दार उघडलं की कणगी दिसणार. पोरींना रोज सांगते, खरं बोलावं.

५ जाने.

सकाळी आत सोडलं. काही मांजरं जिवंत होती, ती धावत गुऱ्हाळघरात आणली. गो.नं एकेकाला मांडीवर घेऊन तूप पाजलं. ज्यांनी परत नेऊन सोडायला सांगितलं होतं, तीच माणसं दारात उभी राहून, "बाई, कायतरी औशद द्या." माझ्याकडे काय आहे? खडू आहे. दुपारपर्यंत सगळं आटोपलं, एकही उरलं नाही.

मनीची पिल्लं झाकणावर जिवंत. दुधावरची, त्यांना गोळीचं काय. मनी नाही. जिवंत नाही, मेलेलीही नाही. हवालदारांनी अडगळ उपसली, कौलं काढून पाहिली.

९ जाने.

शेळीचं दूध, कापसाची वात, दिवसभर हेच. एक पिल्लू माझ्याच पदरात झोपतं. अजूनही मला मांजरं आवडत नाहीत.

हवालदार ओढ्याकाठानं मनीला हाका मारत फिरतात. लोक हसत नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

१४ जाने., संक्रांत

हवालदार खोपटाशी आले, तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला, एवढंही त्यांच्या तोंडून निघेना. माझ्याही. दोघं तीळ चावत उभे राहिलो. त्यांच्यावर रागावू म्हटलं तर राग येत नाही, आणि तेच जास्त लागतं.

३० जाने., रवि.

गाव भरलं. उद्या शाळा. कुत्री आपापल्या दारी जाऊन मालकी गाजवतायत. लंगडी मात्र गो.च्या मागेमागे.

नवे उंदीर आले, कणग्यांना भोकं पडायला लागली. पिल्लं तीन आणि मागणारं अख्खं गाव. "आवं बाई, एक द्या की, लेकरावानी सांबाळू." एक पाटलांकडे गेलं, एक पलीकडच्या आळीत. मी नको म्हणू शकले नाही. गावानं तरी काय खायचं?

उरलं ते पदरातलं. कबरं, आईसारखं.

संध्याकाळी हवालदार आले. काखेत रिकामं पोतं. पायरीवर बसले. "कनगी खालनं कुरतडलीया," एवढंच म्हणाले. पिल्लाचं नाव काढलं नाही. पोतं दोघांच्या मधे ठेवलं.

मी म्हटलं, "मनी आली तर?"

"आली तर घरलाच येनार की."

पिल्लू माझ्या मांडीवरून उतरलं, पोत्याचा वास घेतला, आपणहून आत गेलं आणि झोपलं. पोत्याचं तोंड उघडंच होतं. त्यांनी हात लावला नाही, मीही नाही. दिवा लावायची वेळ झाली तरी आम्ही तसेच बसलो होतो.