दुकानातली बाटली

अण्णा,

मी साताऱ्याला मावशीकडे जाते आहे. पोळ्या डब्यात आहेत.

आई गेली तेव्हा उशाशी असलेल्या बाटलीतला थेंब मी टीपकागदावर टाकला. अस्सल निलगिरीचं तेल उडून जातं. याचा डाग सकाळीही तसाच होता. तुम्ही दुकानातल्या तेलात रॉकेल मिसळता आणि घरासाठी शुद्ध तेल ठेवता, हे आईला ठाऊक नव्हतं. तिनं घरची बाटली राहीबाईंच्या नातवासाठी दिली आणि स्वतःला दुकानातली आणवली. आठ दिवस तिनं त्याचाच वाफारा घेतला. छातीत जळतं म्हणायची. मी म्हणायचे, "जळू दे, कफ सुटेल."

राहीबाई काल म्हणाल्या, "अण्णांच्या तेलानं प्वार वाचलं." आज त्या तुमच्या पाया पडायला येणार आहेत. दार उघडा.

शरयू