इंजिनच्या हौदातलं पाणी

६ जानेवारी
आज धरणावर राहायला आले. चिकोडीच्या ऑफिसातलं टेबल एकदाचं सुटलं. संकेश्वर मागं पडलं की नुसते उसाचे फड, मग एक चढ, आणि वर पोचलं की एकदम समोर पाणी. क्वार्टर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि मागं न्हाणी. पण खिडकी सगळी पाण्याकडं.

काम सोपं आहे. बोटीनं मधोमध जायचं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं आणि आकडे कळवायचे. बोट पांढरी, फायबरची, सहाजण आरामात बसतील एवढी. जुनी विकत घेतलेली आहे, पण इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू होतं. ती चालवायला भरमा आप्पा आहेत, साठीच्या पुढचे, बोलायला गोड. मला म्हणाले, शिकून घ्या आक्का, मी काय जलमाला पुरणार हाय व्हय.

रात्री झुणका-भाकरी केली आणि दारात बसून खाल्ली. आई गेल्यापासून निपाणीच्या घरात एकटीचा घास घशाखाली उतरत नव्हता. इथं उतरला.

११ जानेवारी
बोटीच्या मागच्या टोकाला इंजिन टांगलेलं असतं. त्याच्या अलीकडं एक खोलगट चौकोन आहे. मागून लाट आली तर पाणी बोटीत न शिरता तिथं पडावं आणि तळाच्या दोन भोकांतून बाहेर जावं, अशी सोय. भरमा आप्पा त्याला हौद म्हणतात.

आज सकाळी हौद तुडुंब होता. भोकांत पाला अडकला असंल, असं आप्पांचं म्हणणं. मी तार घालून भोकं मोकळी केली, टमरेलानं पाणी उपसलं, फडक्यानं पुसून हौद कोरडा केला. हाताला काम मिळालं की मला बरं वाटतं. आप्पा हसत होते. मॅडम लोक असलं काम करत न्हाईत म्हणाले. मी सांगितलं, माझी आई बिड्या वळायची, आजी तंबाखूच्या वखारीत होती. आमच्या घरात कुणाचे हात रिकामे बसले नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत. आप्पांच्या घरून तिळाच्या पोळ्या आल्या. दादाचा बेळगावहून फोन आला, पण घाईत होता. तिळगूळ द्यायला दिवसभर दुसरं कुणी भेटलं नाही.

हौद रोज भरतोय. आज संकेश्वरहून सौरव मेकॅनिक आला. त्यानं केबलींभोवतीचं झिजलेलं रबर बदललं. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मागं असल्यामुळं बोट मागून दबते, भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं, असं त्यानं समजावलं. आम्ही दोन्ही वस्तू पुढं हलवल्या. तो काठावर उभा राहून बराच वेळ बोटीकडं बघत राहिला. बोट अजून मागूनच दबलेली होती. मग म्हणाला, मागं कोण बसतंय वो मॅडम?
मी म्हटलं, मी आणि आप्पा दोघंच असतो, आणि दोघंही पुढं बसतो.

१७ जानेवारी
हौदातलं पाणी तपासलं. मला दुसरं येतंय काय.

धरणाचं पाणी सध्या नितळ आहे. हौदातलं मात्र गढूळ, तांबूस, महापुराच्या पाण्यासारखं. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एका धरणातल्या वाटत नाहीत. तळाशी उसाचा कुजका पाला, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा आणि एक लांब केस. केस पिकलेला.

आई भुताखेताचं नाव घरात काढू द्यायची नाही. माणसं जेवढी वाईट वागतात तेवढं कुठलं भूत वागणार, म्हणायची. मीही तेच मानते. कारण असणारच. उद्या बोट पाण्याबाहेर काढायची.

१९ जानेवारी
काल दुपारी चौघांनी मिळून बोट काठावर ओढली. ओंडक्यांवर ठेवली, हौद पुसला, वर ताडपत्री घट्ट बांधली.

सकाळी ताडपत्री सोडली. हौद काठोकाठ भरलेला. खाली वाकून भोकांत करंगळी घातली. भोकं मोकळी होती, कोरडी होती. पाणी तरीही वर तसंच उभं होतं.
हात लावला. पाणी कोमट होतं.

२१ जानेवारी
आज बोट परत पाण्यात सोडली, मग भरमा आप्पांना बसवून विचारलं. आधी टाळत होते. मग सांगितलं.

ही बोट नदीकाठच्या एका माणसाची. महापुरात त्यानं तिच्यातून बरीच माणसं काढली. शेवटच्या खेपेला बोट भरली होती. एक म्हातारी बाई छपरावर होती. जागा हाय का, म्हणून विचारत होती. पुढच्या खेपेला नेतो म्हणाले. ती थांबली नाही. बोट वळताना मागून हौदात उतरली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. मागच्या लोकांना दिसत होती. तरी तिला आत घ्यायला कुणी जागचं हललं नाही. काठ आला तेव्हा हौदात नुसतं पाणी होतं.

तिचं नाव काय, मी विचारलं. आप्पा म्हणाले, कुणी इचारलंच न्हाय वो आक्का.

२३ जानेवारी
ऑफिसला फोन केला. दुसरी बोट यंदा मिळणार नाही. आप्पा लेकीकडं गुंजीला गेले. मी येईस्तवर बोटीत पाय ठेवू नका, असं दोनदा बजावून गेले. पण नमुने द्यायचेच आहेत, बोट चालवायला आप्पांनीच शिकवलंय. आणि बोटीत जायचं नाही तर दिवसभर या खोलीत करू काय?

२४ जानेवारी
गेले. मधोमध इंजिन बंद केलं, बाटली सोडली. वारा नव्हता. मागून आवाज आला, थकलेला, लाजलेला –
जागा हाय का?
मी वळले नाही.

२५ जानेवारी
रात्रभर तेच डोक्यात. सहाजणांची बोट. मी एकटी. अख्ख्या बोटीत एवढी जागा रिकामी, आणि ती अजून मागंच बसलेली.
आज पुन्हा विचारलं तिनं. मी म्हणाले, हाय. या आत.

२६ जानेवारी
हौद कोरडा. बोट पाण्यावर सरळ. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. बोलत बसले होते, मोठ्यानं, आईबद्दल. कुणीतरी ऐकतंय असं वाटत होतं.

२७ जानेवारी
माझ्या अंथरुणाशेजारची फरशी ओली. माणूस निजल्याएवढी.

२८ जानेवारी
रात्री अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं. सकाळी उशीवर पिकलेले केस. तिचेच असतील असं वाटलं, पण आरशात पाहिलं –
माझे होते.
आप्पांना फोन केला. निघालोच म्हणाले. बोटीपासून लांब राहा, असंही म्हणाले. बॅग भरली आहे, ही वहीही आत टाकते. चालत हायवे गाठते.

२८, दुपार
बोटीत आहे. कशी आले कळत नाही. रस्त्याला लागले होते. बॅग खांद्यालाच आहे. दोरी ओढते, इंजिन घेत नाही. बसायच्या फळीवर माझ्या शेजारी ओलं –
थोडं सरका, म्हणाली. सरकले.
परत म्हणाली.
आता फळी संपली. हौदात बसले आहे. पाणी कमरेला लागतंय, कोमट. उठायला जाते तर गुडघे पोटाशीच –

काठावर आप्पा. आले. हात हलवतायत. हाक मारतायत, आक्का, कोण हाय तुमच्यासंगं?

कोन न्हाय आप्पा. एकटीच हाय.

आवाज माझा होता. पण मी तोंड उघडलं नव्हतं. आप्पांनी हात खाली घेतला. त्यांना वाटतंय पुढं फळीवर बसलीय ती मीच – आप्पा, मी इथं मागं