वाकड्या करंगळीचा हात

३ मार्च
आले एकदाची सोलापुरात! तिकडे नातेपुत्यात अब्बा सांगत सुटलेत, आमची यास्मीन शास्त्रज्ञ झाली. शास्त्रज्ञ कसली, तपासनीस. प्रतिद्रव्याचा कण साध्या द्रव्याला शिवला की दोघंही नाहीसे होतात आणि तुकडे उडतात. ते नेमके कुठं शिवले हे केसाहून बारीक मापात सांगणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या आम्ही इथं तपासतो, मग त्या परदेशी प्रयोगशाळेत जातात. आत धूळ चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर. तिथं लाल पट्ट्यांचा एक जोड धूळ खात पडलेला. मी तो पायानं सरकवला, तर शिपाई कल्लप्पामामा धावत आले. "ऱ्हाऊ द्या ताई, शिवलीलाबाईंच्या हायत." ही माझ्या आधीची तपासनीस. इथले प्रमुख प्रभुलिंग सर म्हणाले, नोकरी सोडून गेली. अनवाणी?

७ मार्च
आभाळातून सतत कण पडत असतात, त्यांच्यावरच चकती तपासायची. ते वरून येतात, चकतीला लागले की पडद्यावर ठिपके उमटतात. आज काही आडवे आले. माग काढला तर सगळे एकाच जागेवरून निघालेले, टेबलापलीकडच्या मोकळ्या हवेतून. सर म्हणाले, कचरा आहे, पुसून टाक. इथली रीतच ती. असले ठिपके संध्याकाळी पुसायचे. शिवलीलाही पुसायची म्हणे. मी नाही पुसले. न कळलेली गोष्ट पुसायला मी इथं आले नाही.

११ मार्च
ठिपके जोडले. पाच बोटं झाली. डावा हात, करंगळी वाकडी. माझी उजवी करंगळी लहानपणी अब्बांच्या टेम्पोच्या दारात सापडून अशीच वाकडी झाली. जणू आरशातला माझाच हात. आजचे ठिपके कालच्यापेक्षा जवळचे आहेत. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. खुर्ची मात्र मागं घेतली नाही.

१२ मार्च
हजेरीच्या मशीननं अंगठा घेतला नाही. बघते तर अंगठ्यावर रेषाच नाहीत. कल्लप्पामामा म्हणाले, शिवलीलाबाईंचाबी घेत नव्हता. मग एक दिवस त्या आत गेल्या. "भायेर आल्याच न्हाईत. मी दारातच हुतो की."
सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या जागी नव्या मुलीची मुलाखत ठरवली.

१३ मार्च
पळून जाऊ? मग त्या पोरीलाही हेच पुसायला लावतील. नाही जात. सगळ्या ठिपक्यांच्या नोंदी छापून चकत्यांसोबत परदेशी जाणाऱ्या पेटीत घातल्या, वर शिवलीलाचं आणि माझं नाव. कल्लप्पामामांनी पेटी स्वतः गाडीत चढवली. आता पुसा म्हणावं.

१४ मार्च
भर दुपार. उजवी करंगळी नाहीशी झाली — दुखत नाही — डाव्या हातानं लिहितेय. चपला पायातच आहेत. माझ्या चपला बाहेर धूळ खाणार नाहीत.
पडद्यावर चेहरा — माझाच — घाबरलाय, माझ्याहून जास्त —
दोघंही नाहीसे होतात, तिलाही ठाऊक दिसतंय — मागं सरकतेय —
आता का मागं? ये की. मीच हात पुढं —